यंदा बांगड्या नकोत

आरंभीच क्षमा मागते. लिहिणे हे माझे काम नव्हे. तीसहून अधिक वर्षे मी इतरांच्या वह्या तपासल्या, त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघा ओढल्या. स्वतःची वही कोणापुढे ठेवण्याचा प्रसंग आला नाही, आणि खरे सांगायचे तर तो येऊ नये अशीच काळजी घेतली. आता साठी उलटून गेल्यावर हे धाडस करते आहे, तेही एवढ्याशा गोष्टीसाठी. ती माझ्या ओसरीवर घडली आणि तिला दहा मिनिटेही लागली नसतील. ती तेव्हाच संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

मी बेलापुरात राहते. नगरला कॉलेज झाले, अर्थशास्त्रात एम.ए. केले, बी.एड. केले, आणि लग्नानंतर इथल्या हायस्कूलमध्ये शिकवू लागले ती निवृत्त होईपर्यंत. त्यामुळे गावात मला नावाने कोणी हाक मारीत नाही. लहानथोर सगळे ‘बाई’ म्हणतात. नववीच्या वर्गाला मी दर वर्षी एक धडा फार आवडीने शिकवीत असे. फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढायची, एका बाजूला ‘गरजा’ लिहायचे, दुसऱ्या बाजूला ‘इच्छा’. मुले एकेक वस्तू सांगत आणि वर्ग भांडून तिची बाजू ठरवी. सायकल कुठे, रेडिओ कुठे, पुढे पुढे मोबाईल कुठे. बांगड्या कुठे, हे मात्र इतक्या वर्षांत कोणत्याही मुलीने विचारले नाही, आणि मीही विचारले नाही.

यजमान गेले त्याला आता पाचवे वर्ष चालू आहे. त्यांना नेले त्या दिवशी गल्लीतल्या वडीलधाऱ्या बायकांनी माझे हात पाटावर ठेवून बांगड्या फोडल्या. मी शिकलेली, त्यांना ‘थांबा’ म्हणू शकले असते. पण त्या वेळी अंगात बोलण्याचे बळ नव्हते. नंतर बळ आले, तेव्हा बोलण्यासारखे काही उरले नव्हते. मनगटे मोकळी राहिली. खडूच्या हाताला बांगडीचा आवाज नसला की फळ्यावर लिहिताना आपणच तिथे नाही असे वाटते. निवृत्तीनंतर पोळ्या लाटताना तसेच वाटू लागले.

त्याच वर्षी श्रावणात, नागपंचमीच्या आधी, नेहमीप्रमाणे कासारीण मावशी गल्लीत आल्या. वयाने त्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. बांगड्यांची टोपली डोक्यावर, आणि खांद्याला एक जुनी झोळी. गल्लीतल्या बायका माझ्याच ओसरीवर जमत, कारण ती रुंद आहे आणि सकाळी तिथे सावली असते. त्या दिवशी मी सतरंजी टाकून दिली आणि आत वळले.

“कुटं निगाल्या? हात आना,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, आता मला कशा चालतील?”

“हात हायत न्हवं दोन? मग? बांगडी हाताला घालत्यात, कपाळाला न्हाई.”

मावशींनी माझा हात आपल्या मांडीवर ओढला, अंगठ्याचे हाड आत दाबले आणि म्हणाल्या, “सैल सोडा. फळ्यावर लिवून लिवून लाकूड झालाय निस्ता.” मी हसले, किती महिन्यांनी हसले ते आठवत नाही. हिरव्या नकोत एवढेच मी म्हणाले. त्यांनी प्रत्येक हातात मधाच्या रंगाच्या तीन-तीन भरल्या आणि रिवाजाप्रमाणे वर एक-एक जास्तीची. भरून झाल्यावर बांगड्यांना आणि भरणारीला नमस्कार करायचा असतो. मी केला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून पूर्वी देत असत तोच आशीर्वाद दिला. फक्त त्यातला एक शब्द गाळला. कोणता, ते मराठी वाचकांना सांगायला नको.

त्यानंतरच्या वर्षी समोरच्या घरातला मुलगा गेला. छातीत दुखते म्हणून श्रीरामपूरला दवाखान्यात नेले, तो परत आला नाही. त्याची बायको माझी विद्यार्थिनी; तेव्हा तिशीही पूर्ण झालेली नव्हती. पदरात चार वर्षांची मुलगी. ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. सासू तशी वाईट नाही. एकुलता मुलगा गेलेली बाई, तिला जगाची भीती फार. सून कामाला जाते एवढे तिने मान्य केले, पण ती मोकळ्या हातांनीच गेली पाहिजे, असा तिचा आग्रह होता.

संक्रांतीच्या आधी मावशी आल्या. माझे हात भरून झाले आणि त्यांनी समोरच्या दाराकडे पाहून हाक मारली, “ए पोरी, ये की. बाईंच्या शेजारी बस.”

सासू उंबऱ्यातच उभी होती. “अवो, तिला कशाला?”

“बाईंनी भरल्या न्हाईत का?”

सासूने माझ्या हातांकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “बाई भरत्यात तर भर म्हनावं. बाईंच्या म्होरं मी कोन सांगनार?” आणि ती आत गेली. सून आली, तिची मुलगी आली. मुलीनेच टोपलीत हात घालून मोरपंखी रंग काढला. बांगड्या चढताना सूनबाईने तोंड माझ्याकडे वळवून डोळे मिटून घेतले होते. दुखत होते म्हणून नव्हे.

तेव्हापासून हा क्रमच ठरला. आधी माझे हात, मग तिचे. नागपंचमी, दिवाळी, संक्रांत. मी आधी बसले नाही तर तिला बसता येणार नाही, ही अट कोणी उच्चारली नव्हती. पण ती सगळ्यांना माहीत होती. मलाही माहीत होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झाले ते अजाणतेपणी झाले असे मला म्हणता येणार नाही.

आता गेल्या वर्षाकडे येते.

माळ्यावरून गाद्या काढताना एकदा माझ्या लक्षात आले की घरात मी एकटी आणि वस्तू मात्र एका कुटुंबाच्या आहेत. न उघडलेले डबे, भेट आलेले चहाचे संच, घडीही न मोडलेल्या साड्या, यजमानांचे शर्ट. त्याच सुमारास एका वृत्तपत्राच्या पुरवणीत एका गृहिणीचा लेख वाचला: तिने वर्षभर गरजेपलीकडची एकही वस्तू विकत घेतली नव्हती. मला ते फार पटले. जन्मभर फळ्यावर जी रेघ ओढली ती स्वतःच्या घरात ओढून पाहावी, असे वाटले. गुढीपाडव्याला संकल्प केला, पुढच्या पाडव्यापर्यंत. दिनदर्शिकेच्या पाठीमागे दोन रकाने आखले. किराणा, औषधे, गॅस, वर्तमानपत्र डावीकडे. साड्या, भांडी, चादरी, पुस्तकेसुद्धा, उजवीकडे. उजव्या रकान्यात अगदी खाली, फारसा विचार न करता, ‘बांगड्या’ लिहिले.

पुण्याला मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला. “आई, तू साध्वी होतेयस का? मग माझ्या लग्नातला तो पितळी हत्ती तरी मला दे.”

“तो आधी तू घेऊन जा. मला त्याची रोज धूळ पुसावी लागते.”

सुरुवातीचे महिने मोठ्या आनंदात गेले. आठवडे बाजारात एक झाकणाचा स्टीलचा डबा मला फार आवडला होता. मी तो दोन वेळा हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. घरी येताना पावले हलकी पडली. हा हलकेपणा मला आवडू लागला होता, आणि त्यात थोडा गर्वही मिसळू लागला होता, हे आज दिसते. मी कोणाला सांगत नसे. पण न सांगण्याचाही एक गर्व असतो.

मग नागपंचमी जवळ आली. मावशी आल्या. गुडघ्यांनी त्या आता वाकून चालत. ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिले. पाच-सहा जणी जमल्या. समोरच्या घरातली छोटी पळत येऊन टोपलीजवळ बसली आणि रंग निवडू लागली. तिची आई तिच्या मागे येऊन खांबाला टेकली. सासू आपल्या उंबऱ्यात.

“हात आना, बाई.”

“यंदा नको, मावशी.”

“का? सोन्याच्या करनार हाय काय?”

बायका हसल्या. मीही हसायला हवे होते. पण मला वाटले, आज एक अपवाद केला तर उद्या दुसरा होईल. मग संकल्प कसला? आणि अनेकांपुढे बोलायचे म्हटले की माझा आवाज वर्गातल्यासारखा होतो, कोरडा आणि स्पष्ट. त्याच आवाजात मी म्हणाले, “मी यंदा ठरवलं आहे. ज्याची गरज नाही ते विकत घ्यायचं नाही. बांगड्यांची मला काही गरज नाही.”

मावशींचा हात पुढे झालेला होता, तो तसाच राहिला. “गरज?” त्या म्हणाल्या. “काचंची गरज कुनाला असती, बाई?”

खांबाला टेकलेली सून तोवर सतरंजीपर्यंत आली होती. तिने खाली बसून उजव्या हाताची बाही वर सारली होती. समोरून सासूचा आवाज आला. त्यात राग नव्हता, सुटकाच होती. “बघ, बाई बी सोडत्यात. त्यांना गरज न्हाई, मग तुला कशाची गं? ऊठ.”

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. नववीत उत्तर येत नसले की ती माझ्याकडे असेच पाही, आणि मी तिला पहिला शब्द सांगत असे. या वेळीही एकच वाक्य पुरले असते. ‘माझं सोडा, तिला भरा.’ चार शब्द. ते मला सुचले नाहीत असे नाही. सुचले, पण आपण नको म्हणायचे आणि दुसरीला घे म्हणायचे, हे विसंगत दिसेल, असे काहीसे मनात आले. विसंगत! जन्मभर वह्यांत विसंगती शोधल्या त्याचे हे फळ. मी वाटीतल्या हळदीकुंकवाकडे पाहत राहिले.

तिने बाही खाली ओढली आणि उठली. छोटीच्या मुठीत दोन मोरपंखी बांगड्या होत्या. मावशींनी त्या हळूच सोडवून परत टोपलीत ठेवल्या. इतर बायकांचे हात त्यांनी भरले, पण नेहमीसारखे बोलल्या नाहीत. जाताना मी चहा विचारला.

“नगं,” त्या म्हणाल्या. “माजी बी काय गरज न्हाई आता.”

दिवाळीला मावशी गल्लीत आल्या नाहीत. संक्रांतीलाही नाहीत. थंडी असेल, गुडघे असतील, असे मी मनाशी म्हणत राहिले. समोरची सून अंगणवाडीला जाता-येता नमस्कार करी, ‘बाई, बऱ्या आहात ना’ विचारी. पूर्वीसारखी ओसरीवर टेकत मात्र नसे. तिच्या हातातल्या जुन्या बांगड्या गेल्या होत्या आणि ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या. एका दुपारी छोटी एकटीच आली. माझ्या पायरीवर बसून पेरू खाल्ला आणि विचारले, “बाई, तुमचं वर्ष कधी संपतं?”

“पाडव्याला. का गं?”

“मग आईचं पण संपेल ना?”

त्याच क्षणी मी संकल्प मोडायला हवा होता. पाडवा दोन महिन्यांवर होता आणि मी दिनदर्शिकेकडे पाहिले. मला वर्ष पूर्ण करायचे होते. हे लिहिताना हात थांबतो, पण तसेच होते. माझ्या वर्षाला दहा महिने झाले होते आणि मला ते सबंध हवे होते.

पाडवा झाला. त्यानंतरच्या बाजाराला मी मावशींना शोधायला गेले. त्या आता बाजाराच्या कडेला, एका पानटपरीच्या आडोशाला गोणपाटावर बसतात. मला पाहून त्यांनी टोपलीवरचे फडके नीट केले.

“दारावर येत नाही आता?” मी विचारले.

“चालवत न्हाई. आन् घरं बी कमी झाली.”

“कमी कशानं?”

“तुमाला म्हाईत न्हाई व्हय? तुमच्या हातात पैल्यांदा भरल्या न्हवं, तवाच वरच्या आळीतल्या दोन घरांनी मला लग्नाच्या चुड्याला बलवायचं बंद केलं. म्हनले, असल्या हातांना भरनारी नवरीला नगं. मग पोरीला भरल्या, तवा आनिक एक घर गेलं.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“काय बोलायचं? मी म्हनले, जाऊ दे. बाई शिकल्याल्या हायत, बाई पाठीशी हायत. आन् त्या दिशी तुमीच चारचौघांत म्हनला, गरज न्हाई. मग ती घरं खरी, मी खुळी. आसंच झालं की न्हाई?”

मी तिथेच गोणपाटावर बसले. बाजारात माझे कितीतरी जुने विद्यार्थी भाजी विकतात. दोघे-तिघे पाहत होते. मी दोन्ही हात पुढे केले. मावशींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा बाजाराकडे पाहिले. मग हात मांडीवर घेतला. “लाकूडच हाय अजून,” एवढेच म्हणाल्या. एक बांगडी चढताना वाढली; ‘फुटली’ हा शब्द त्या कधी उच्चारत नाहीत. मी भरपाई विचारली तर रागावल्या, चढवताना वाढलेली बांगडी कासारणीची असते म्हणाल्या. मी नमस्कार केला. आशीर्वाद त्यांनी या वेळी मनातल्या मनात दिला असावा. ओठ हलले, पण मला ऐकू आले नाही.

मग मी समोरच्या सूनबाईसाठी मोरपंखी मागितल्या. माप त्यांना पाठ होते. कागदात गुंडाळताना म्हणाल्या, “ह्या काय मी भरल्याल्या न्हाईत, बरं का. इकत दिल्याल्या हायत. भरायच्या असतील तर पोरीला हात घिऊन यावं लागंल. न्हाईतर मला बलवा, मी येईन. तुमच्या ओसरीवर येईन, पन तिनं बलवलं पायजे.”

संध्याकाळी मी समोर गेले. सासू तांदूळ निवडीत होती. तिने आदराने पाट दिला. सून बाहेर आली. मी पुडी पुढे केली आणि ओसरीवर ते चार शब्द जसे बोलता आले नाहीत, तसेच आताही नीट बोलता आले नाही. “माझं चुकलं,” असे काहीतरी म्हणाले असेन.

तिने पुडी उघडली नाही, पण बाहेरूनच बोटांनी चाचपून पाहिली. “तसं नका म्हणू, बाई,” ती म्हणाली. “तुमचं काय चुकलं? आता सवय झाली. आत्ताशी कुठं घरात शांत झालंय. पुन्हा नवं कशाला काढायचं?”

सासू तांदळातले खडे वेचत होती. वर न पाहता म्हणाली, “घे की, बाई एवढ्या आनत्यात तर. ठिव पेटीत.”

“नको आई. पेटीत ठेवायला कशाला?” आणि ती पुडी तिने दोन्ही हातांनी माझ्या हातात परत दिली. मोठ्यांना वस्तू देताना द्यावी तशी.

ती पुडी माझ्या कपाटात आहे. दिनदर्शिकेचा तो कागदही आहे. उजवा रकाना वर्षभर कोरा ठेवल्याचा आनंद मी एकदाही कोणाला सांगितलेला नाही, आणि आता सांगावासाही वाटत नाही. मावशींनी मला बाजारात भरलेल्या बांगड्यांपैकी दोन वाढल्या, बाकीच्या शाबूत आहेत. त्या वाजल्या की समोरच्या घरातली छोटी वर पाहते आणि मी हात पदराखाली घेते. तिने मात्र पुन्हा काही विचारले नाही. मुलांना किती लवकर समजते.

नागपंचमीला आता थोडेच दिवस आहेत. सतरंजी मी धुऊन ठेवली आहे. सूनबाईने एकदा नाही म्हटले आहे, तेही इतक्या मऊपणाने, की त्यात खरे किती आणि घराची शांतता किती हे मला समजत नाही. पुन्हा गेले तर तिच्या घरातली शांतता माझ्यामुळे मोडेल. न गेले तर माझे मौन आणखी एका वर्षाचे होईल. वाचकहो, तुम्ही अनुभवाने माझ्याहून मोठे असाल म्हणून विचारते: मी तिचे दार पुन्हा वाजवू का?